तेल पाण्यावर का राहतं? वर्गात द्रवांची घनता कशी शिकवता?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. धागा काढलाय तो द्रवांच्या घनतेसाठी. हा भाग आला की बहुतेक ठिकाणी एकच प्रयोग होतो: उंच ग्लासात खाली मध, त्यावर रंगीत पाणी, त्यावर तेल. दिसतं सुंदर, पोरं हरखतात. नंतर "तेल वर का राहिलं?" असं विचारलं की उत्तर येतं, "तेल हलकं असतं म्हणून." मग मी विचारते, डबाभर तेल आणि चमचाभर पाणी, यात हलकं काय? वर्ग गप्प. थोड्या वेळाने एखादा म्हणतो, "टीचर, डबाभर तेल असलं तर पाणी वर येईल."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. मूल वजनाचा विचार करतंय, पण किती जागेत किती वजन हा विचार अजून त्याच्यापर्यंत पोचलेला नाही, हे त्यातून कळतं. थरांचा ग्लास कितीही वेळा दाखवला तरी ही समजूत हलत नाही, कारण तिथे कुणी काही मोजलेलंच नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे: आधी तराजू, मग थर.

मी करते ते असं. औषधाच्या एकसारख्या रिकाम्या बाटल्या मुलांनाच आणायला सांगते. दोन रिकाम्या बाटल्या दोन पारड्यांत ठेवून काटा मधे येतो का बघायचं. येत नसेल तर हलक्या बाजूच्या पारड्यात बारीक खडे टाकून आणायचा. मग एकीत काठोकाठ पाणी, दुसरीत काठोकाठ शेंगतेल. भरायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं की काटा कुणाकडे झुकेल, आणि का. तेल संथ पडतं, बोटाला चिकटतं, म्हणून बरीच मुलं तेलाकडे झुकेल असं लिहितात. काटा पाण्याकडे गेला की वाद सुरू होतो. बाटली नीट भरली नाही, बुडबुडा राहिला, पारडी बदला. बदलू द्यायची. या वादाला मी तास संपेपर्यंत वेळ देते.

आकडे दुसऱ्या दिवशी. इलेक्ट्रॉनिक काटा आणि मेडिकलमध्ये मिळते ती सुई नसलेली मोठी सिरिंज. १०० मिली पाणी जवळपास १०० ग्रॅम भरतं, तेवढंच शेंगतेल ९१-९२ ग्रॅम, ग्लिसरीन १२६, मध १४० च्या आसपास. मग एका गटाला २० मिली तेल, दुसऱ्याला २०० मिली तेल द्यायचं आणि ग्रॅमला मिलीने भागायला सांगायचं, तीच घनता. दोघांचंही उत्तर ०.९२ च्या जवळ आलं की डबाभर तेलाचा प्रश्न मुलं आपणच सोडवतात. थरांचा ग्लास त्यानंतर, आणि तोही उलट क्रमाने: आधी तेल ओतायचं, मग त्यावर पाणी. पाणी तेलातून खाली जाताना दिसलं पाहिजे. क्रमाने रचलेल्या ग्लासात "आधी ओतलं म्हणून खाली राहिलं" असंही मुलाला वाटू शकतं.

विचारायचं ते असं की मध महाग पडतो. आपल्या भागात सहज मिळणारं काय वापरता? आणि तुमच्या वर्गात मुलं नेमकी कुठे अडतात?

वेदगंगेचा

टीचर, मधाला हात कशाला लावताय? काकवी घ्या की. निपाणीकडं गुऱ्हाळं चालू असली की काकवी मिळतेच, आणि मधापेक्षा कितीतरी स्वस्त. घनता १.३ च्या वर असते, म्हणजे पाण्याच्या खाली सरळ बसते. काळपट रंगामुळं थर आपोआप उठून दिसतो, रंग घालायची गरज नाही.

आमच्या घरचं गुऱ्हाळ आहे म्हणून आणखी थोडं लिहितो. पोरांना गुऱ्हाळावरच न्यावं असं माझं म्हणणं. घाण्यातून निघालेला ताजा रस, चुलवाणावर अर्धा आटलेला रस आणि काकवी, हे तीन टप्पे एकाच ठिकाणी मिळतात. तिन्ही एकाच मापानं भरून तोलले तर वजन चढत जातं. पाणी वाफ होऊन जातं, साखर मागं राहते, तेवढ्याच जागेत जास्त माल बसतो. हे पोरांना सांगावं लागत नाही, काहिलीतून वाफ निघताना समोर दिसतंच. कारखान्यात रसाचं ब्रिक्स बघतात ते हेच. १०० ग्रॅम रसात जेवढे ग्रॅम साखर तेवढं ब्रिक्स, आणि तरंगत्या काचेच्या नळीवर ते वाचता येतं. उसाचा रस साधारण १५ ते २० ब्रिक्सचा, म्हणजे घनता १.०६ ते १.०८.

आमचा गुळव्या मात्र कुठलंही यंत्र वापरत नाही. पाक पाण्यात टाकून गोळी कशी होते ते बघतो आणि काहील उतरवायची वेळ सांगतो. पोरांनी त्याला प्रश्न विचारावेत. चुलवाणाजवळ मात्र पोरांना लांब उभं करा. उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो, भाजणं वाईट असतं.

जुनेगुरुजी

धागा वाचून आनंद झाला. मी बेळगाव तालुक्यात प्राथमिक शाळांतून शिकवलं, आता निवृत्त आहे. थोडा मतभेद नोंदवतो.

बाई, सहावीतल्या मुलाला भागाकाराचे दशांश दाखवायची घाई करू नये असं मला वाटतं. त्या वयात हात पाण्यात असायला हवेत. घंगाळात पाणी घेऊन बी, खडा, लाकूड, साबण, मेण, आलं, लिंबू, काय बुडतं आणि काय तरंगतं हे बघण्यात दोन-तीन तास गेले तरी ते वाया जात नाहीत. लिंबू सालीसकट तरंगतं आणि सोललं की बुडतं, हे ज्या मुलाने स्वतः पाहिलं त्याला पुढे पोकळ जहाज का तरंगतं हे समजायला सोपं जातं. ग्रॅम भागिले मिली हे सूत्र त्याला आठवीत द्या, तेव्हा ते टिकेल. फार लवकर दिलं तर मूल सूत्र पाठ करतं आणि पाण्याकडे बघायचं सोडतं. हे मी अनेक वर्गांत पाहिलं आहे.

आणि थरांच्या ग्लासाबद्दल तुम्ही थोड्या कठोर झालात. मूल हरखणं ही साधी गोष्ट नाही. हरखलेलं मूल घरी जाऊन आईकडे तेल मागतं.

मलप्रभाकाठ

गुरुजी, नमस्कार. लिंबाचा प्रयोग उद्याच करते. सहावीबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, भागाकार मी सातवीपासूनच घेते. पण तराजू सहावीतही हवा, या मतावर मी ठाम आहे. तराजूला आकडे लागत नाहीत. काटा कुणाकडे झुकला एवढंच बघायचं. सारख्या बाटलीत भरून तोललं की "जागा तेवढीच, वजन वेगळं" ही गोष्ट हाताला कळते, आणि घंगाळात हे कळत नाही. घंगाळात मोठा ओंडका तरंगतो आणि छोटा खडा बुडतो, तेव्हा मूल म्हणतं "लाकूड हलकं". तोच ओंडका त्याला उचलवत नसतो.

हरखण्याला माझा विरोध नाही. ते मोजल्यावर यावं, एवढीच इच्छा.

वेदगंगेचा, काकवी फारच उत्तम. मुलांपैकी काहींच्या मामाकडे गुऱ्हाळ आहे, बाटली मागवते.

शिरोलीकर

मी शेतकरी, शिक्षक नव्हे. पण आमच्या खानापूर भागात भात लावणाऱ्या घरातल्या प्रत्येक पोराने हा प्रयोग पाहिलेला असतो, वर्गात कुणी आठवण करून देत नाही एवढंच. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्के. ढवळून थांबायचं, पोचट दाणे वर येतात ते काढून टाकायचे, भरलेले खाली बसतात तेच बियाणं. मग चांगल्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं, नाहीतर उगवणीवर परिणाम होतो.

साध्या पाण्यातही पोचट दाणे वर येतात, मग मीठ कशाला? हा प्रश्न मुलांना विचारा. उत्तर असं की अगदी रिकामा दाणा साध्या पाण्यात तरंगतो, पण अर्धवट भरलेला दाणा बुडतो. मीठ घालून पाणी जड केलं की तोही वर येतो. किती जड पाणी, त्यावर किती कडक निवड, हे ठरतं. जूनच्या तोंडावर शाळा उघडतात तेव्हा घराघरात हेच चाललेलं असतं. मूठभर बियाणं मुलं आनंदाने आणतील.

शहापूरची

बेळगाव शहरात एका हायस्कूलला शिकवते. मुलं कुठे अडतात हे विचारलंत म्हणून.

पहिली अडचण तुम्ही लिहिलीतच: जे संथ वाहतं ते जड, असं मुलांना वाटतं. त्यासाठी मी शॅम्पू आणि मिठाचं पाणी शेजारी ठेवते. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं पाणी झरझर वाहतं, पण त्याची घनता १.२ पर्यंत जाते. शॅम्पू कितीतरी संथ, तरी त्याची घनता पाण्याच्या अगदी जवळ असते. बाटल्या तोलल्या की गोंधळ सुटतो. वाहणं वेगळं, घनता वेगळी, हे एका तासात दोन्ही हातांनी करून बघितलं पाहिजे.

दुसरी अडचण मला जास्त खोल वाटते. तेल आणि पाणी मिसळत नाहीत म्हणून थर होतात, असं मुलं धरून चालतात. मग मिसळणाऱ्या द्रवांचे थर होतच नाहीत का? दाखवा. एका ग्लासात साधं पाणी अर्धं भरा. दाट मिठाच्या पाण्यात थोडं कुंकू किंवा खायचा रंग घाला आणि नळीने अगदी हळू तळाशी सोडा. रंगीत थर खाली बसतो, वर साधं पाणी. ग्लास हलवला नाही तर थर बराच वेळ राहतो. ढवळलं की कायमचं एक होतं, परत वेगळं होत नाही. तेल-पाणी ढवळलं तर थोड्या वेळाने पुन्हा वेगळं. कोण खाली जाणार हे घनता ठरवते. मिसळणार की नाही हे ठरवणारी गोष्ट वेगळी आहे. हा फरक आठवीच्या मुलांना नक्की झेपतो.

तिसरं, गरम आणि गार पाणी. गरम पाण्यात लाल रंग, गारात निळा. गरम पाण्याची बाटली गार पाण्याच्या बाटलीवर उपडी धरली, मधे जाड कागद, तर कागद ओढल्यावर लाल वरच राहतं. बाटल्या उलट ठेवल्या की दोन्ही लगेच मिसळतात. २५ अंशाला पाण्याची घनता ०.९९७, ६० अंशाला सुमारे ०.९८३. फरक इतका लहान असूनही डोळ्यांना इतकं स्पष्ट दिसतं, याचं मलाही प्रत्येक वेळी नवल वाटतं. पाणी हाताला सोसेल एवढंच गरम घ्या.

उचगावकर_इंजि

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, व्हीटीयूला (बेळगावचं तंत्रज्ञान विद्यापीठ). शहापूरच्या मॅडमनी लिहिलेल्या दुसऱ्या मुद्द्यात भर घालतो. तेलाचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूपेक्षा जवळपास पन्नास पटींनी जड असतो. पाण्याचा रेणुभार १८, तेलातल्या ट्रायग्लिसराइडचा ८८० च्या आसपास. तरी तेल पाण्यावर तरंगतं. म्हणजे एकेक कण किती जड यापेक्षा ठरावीक जागेत एकूण किती वस्तुमान मावतं हे महत्त्वाचं. पाण्याचे रेणू लहान, एकमेकांना घट्ट धरून जवळ बसतात. तेलाच्या लांब साखळ्या मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच्या, त्यांना तेवढं जवळ बसता येत नाही. हायस्कूलच्या मुलांना हे सांगितलं तर "हलकं" हा शब्द ते जपून वापरू लागतील.

नववीला गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात उत्प्लावकता (बुडत्या वस्तूला द्रव वर ढकलतो ते) आणि आर्किमिडीजचं तत्त्व येतं. सहावी-सातवीत ज्यांनी बाटल्या तोलल्या त्यांना तिथे सूत्र नवं वाटणार नाही.

वडगावची_आई

एक विनंती. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवायचा प्रयोग सगळे करतात, पण काही घरांतून अंडं चालत नाही. मुलाला घरी खोटं सांगावं लागू नये. दुसरं काही आहे का?

मलप्रभाकाठ

ताई, बटाटा घ्या. आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात बटाट्याची काय कमतरता. साध्या पाण्यात बटाट्याचा तुकडा बुडतो. मीठ घालत, ढवळत गेलं की एका क्षणी तो तळ सोडतो. लिटरला साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम मीठ लागतं, बटाट्यागणिक फरक पडतो. आणि हा फरक उगाच नसतो: ज्या बटाट्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त, तो जास्त घन. वेफर्स करणारे कारखाने असेच बटाटे निवडतात, कारण ते तळताना तेल कमी पितात. वेगवेगळ्या शेतांतले बटाटे आणायला सांगितले तर कुणाचा आधी तरंगतो यावर मुलं मनापासून भांडतात. मीठ मोजूनच घालायला सांगा, चमचे नकोत. प्रत्येक भर वहीत लिहिली तर शेवटी आलेख काढता येतो.

अंडं वापरायला हरकत नसेल तिथे एक ताजं आणि एक जुनं घ्यावं. जुन्या अंड्यातलं पाणी कवचातून उडून जातं, आतली हवेची जागा वाढते. आकार तोच, वजन कमी. फार जुनं अंडं साध्या पाण्यातच वर येतं.

दूधगंगा

मी गावात दूध संकलनाचं काम करतो. रोज सकाळी लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजायची तरंगती नळी) हातात असतो, म्हणून लिहावंसं वाटलं. दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, साधारण १.०२८ ते १.०३२. लॅक्टोमीटरवर २८ वाचलं म्हणजे १.०२८. पाणी घातलं की नळी खाली जाते, आकडा उतरतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पण मुलांना पुढचंही सांगा. साय ही दुधापेक्षा हलकी, म्हणून तर वर येते. साय काढून घेतली की उरलेलं दूध जड होतं, आकडा चढतो. मग त्यात बेताने पाणी घातलं की आकडा परत २८ वर. लॅक्टोमीटर म्हणतो दूध चांगलं, आणि दुधातली साय गेलेली, वरून पाणी आलेलं. त्यामुळे नुसत्या घनतेवर कुणी दूध घेत नाही, फॅट वेगळं तपासावंच लागतं. एका मापाने सगळं कळत नाही हे मुलांनी लवकर शिकावं. ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांना हे फार पटकन समजतं.

शिवाय सकाळचं गार दूध आणि धारोष्ण दूध यांचा आकडा वेगळा येतो. तापमान बघितल्याशिवाय वाचन लिहू नका.

एक प्रश्न मलाही आहे. लॅक्टोमीटरचा खालचा फुगा एवढा मोठा आणि वरची मान एवढी बारीक का करतात?

जुनेगुरुजी

वा, हा प्रश्न वर्गात आलाच पाहिजे. मलप्रभाकाठ बाई, शीतपेयाच्या नळीचा तरंगकाटा करता ना तुम्ही? त्यातून उत्तर मिळेल, तुम्हीच लिहा.

मलप्रभाकाठ

हो गुरुजी, करते. शीतपेयाची जाड प्लास्टिकची नळी, खालचं टोक शाडूच्या मातीने बंद, आत थोडे छर्रे किंवा बारीक खिळे, म्हणजे ती उभी तरंगते. नळी सगळीकडे सारख्याच जाडीची असल्यामुळे हिशोब सोपा होतो: जेवढी लांबी बुडते तिला द्रवाच्या घनतेने गुणलं की प्रत्येक द्रवात उत्तर तेच येतं. पाण्यात १० सेंटीमीटर बुडाली तर ०.९२ घनतेच्या तेलात सुमारे १०.९ सेंटीमीटर बुडेल आणि १.२ च्या मिठाच्या पाण्यात ८.३. मुलं आधी हिशोब करतात, खूण करतात, मग द्रवात सोडतात. खुणेजवळ थांबली की जो आनंद होतो तो थरांच्या ग्लासापेक्षा मोठा असतो.

आता दूध. १.०३ घनतेत तीच नळी ९.७ सेंटीमीटर बुडते. पाण्यात आणि दुधात फरक फक्त ३ मिलिमीटर. दुधात थोडं पाणी घातलं तर तो फरक वाचताच येणार नाही. दूधगंगा दादा, बारीक मान यासाठीच. जवळपास सगळं आकारमान फुग्यात असतं आणि तो सतत बुडालेला असतो. घनता किंचित बदलली तरी ती भरून काढायला बारीक मानेची बरीच लांबी वर किंवा खाली जावी लागते. त्यामुळे २८ आणि २९ मधलं अंतर डोळ्यांना दिसतं.

मुलांकडून हे करून घ्यायचं असेल तर औषधाची छोटी प्लास्टिक बाटली घ्या, आत वाळू घालून जड करा, झाकणाला भोक पाडून त्यात बॉलपेनची रिकामी रिफिल उभी बसवा आणि मेणाने बंद करा. वाळू कमी-जास्त करत बाटली पूर्ण बुडेल आणि फक्त रिफिल वर राहील एवढं साधायला वेळ लागतो, पण गटातलं कुणी ना कुणी चिकाटीने साधतंच. मग क्षीरभाग्य योजनेत शाळेला मिळणारी दुधाची पावडर एका भांड्यात थोडी, दुसऱ्यात जास्त कालवून बघा, रिफिल कुठे जास्त वर येते ते.

शहापूरची

रिफिलच्या आत शाई राहिली तर वजन बदलतं आणि द्रवही खराब होतो, आधी ती स्पिरिटने धुऊन वाळवून घ्या. आणि रॉकेलबद्दल कुणी लिहिलं नाही ते बरं झालं. जुन्या पुस्तकांत तेलाऐवजी रॉकेल असायचं, घनता ०.८ असल्याने थर छान होतो, पण वर्गात पोरांच्या हाती ते नको. पाण्याच्या बाटलीत भरलेलं रॉकेल चुकून प्यायल्याने मुलं दगावलेली आहेत.

शिरोलीकर

मिठाचं उरलेलं पाणी शाळेच्या बागेत ओतू नका, झाडं जळतात. तेल गाळून बाटलीत ठेवा, पुढच्या वर्गाला चालतं. रताळ्याचं काय होतं हो टीचर? आमच्याकडं रताळी भरपूर निघतात.

मलप्रभाकाठ

रताळ्याचं उत्तर मी इथे लिहिणार नाही दादा, तुमच्या घरातल्या मुलालाच करून बघू दे. दोन-तीन वेगवेगळी रताळी, तीच बादली, तेच मोजलेलं मीठ. वहीत आधी अंदाज लिहून मग.